कॅमेरा हातात, फोटो दोन ठिकाणी

एरवी मी तुमच्याशी हप्ते, व्याज, बँक जोडणी असल्या विषयांवर बोलते. आज जरा वेगळं बोलणार आहे. परदेशी फिरायला जाताना कॅमेरा कसा न्यायचा, आणि तिथे काढलेले फोटो घरी येईपर्यंत कसे सांभाळायचे.

काहीजणी हसल्या असतील. आम्ही कुठे जातोय परदेशी, असं म्हणत असाल. पण आपल्याच वाडीतली घरं मोजून बघा. कुणाचा मुलगा दुबईला, कुणाचा भाऊ शारजाला, कुणाचे यजमान मस्कत नाहीतर कुवेतला. पूर्वी तो माणूस दोन वर्षांनी येई आणि आपण त्याने आणलेले फोटो बघत बसू. आता दिवस बदलले. मुलगा व्हिसा काढतो, तिकीट पाठवतो आणि म्हणतो, आई, महिनाभर ये. अशा चार-पाचजणी आपल्या ग्रामसंघातूनच जाऊन आल्या आहेत. म्हणजे विषय काही फार लांबचा नाही.

तो निघाला कसा तेही सांगते. आमच्या एका गटातल्या ताई लग्नाचे, बारशाचे, डोहाळजेवणाचे फोटो काढतात. गटाकडून कर्ज घेऊन त्यांनी कॅमेरा घेतला, त्याचे हप्ते अजून चालू आहेत. त्यांचा भाऊ दुबईला असतो, त्याच्याकडे तीन आठवडे जायचं ठरलं. बैठकीत एकीने विचारलं, कर्ज फिटलं नाही तर कॅमेरा देशाबाहेर न्यायचा का? हरवला तर गटाने काय करायचं? तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. पैसे सगळ्यांचे आहेत. पण माझं मत मी तिथेच सांगितलं, आताही सांगते. कर्ज त्या ताईंचं आहे, कॅमेराही त्यांचाच आहे. हप्ता वेळेवर येतोय. मग कॅमेरा कपाटात ठेवून त्यांनी भावाच्या मोबाईलवर फोटो काढायचे, हे काही बरं नाही. न्यावा, पण नीट न्यावा. बैठकीनंतर आम्ही दोघींनी बसून नीट म्हणजे कसं याची यादी केली, तीच आज तुमच्यासमोर ठेवते. तुमच्याकडे कॅमेरा नसेल, नुसता मोबाईल असेल, तरी यातलं निम्म्याहून जास्त तुम्हाला लागू आहे.

निघायच्या आठवडाभर आधीचं काम पहिलं. कार्ड रिकामी करा. या ताईंच्या कॅमेऱ्यातल्या कार्डावर गेल्या महिन्यातल्या एका लग्नाचे फोटो तसेच होते. गिऱ्हाइकाला काही दिले होते, सगळे दिले नव्हते. समजा दुबईत ते कार्ड बिघडलं, तर आपली सहल गेली ती गेलीच, वर कुणाची तरी मुलगी आपल्या लग्नाचे फोटो मागत दारात उभी राहील. म्हणून गिऱ्हाइकाचं आधी पूर्ण देऊन टाकायचं, एक प्रत घरी ठेवायची, आणि मगच कार्ड कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट करायचं.

कार्ड मोठं एक घेण्यापेक्षा लहान दोन-तीन घ्या. ३२ जीबीच्या एका कार्डावर साधारण १० एमबीचा एक फोटो धरला तर तीन हजार फोटो मावतात. तीन आठवड्यांना दोन कार्डं पुष्कळ झाली. एक गेलं तर निम्मी सहल तरी हातात राहते. आणि स्वस्ताच्या नादी लागू नका. ५१२ जीबीचं कार्ड तीनशे रुपयांत कुणी देत नाही. असली कार्डं बनावट असतात. मोबाईलला जागा ५१२ दाखवतात, आत खरी जागा असते ८ किंवा १६ जीबीची. ती भरली की पुढचे फोटो निघाल्यासारखे दिसतात, पण उघडत नाहीत. नवं कार्ड घेतलं की घरीच एकदा व्हिडिओ काढून पूर्ण भरून बघा आणि शेवटचा व्हिडिओ उघडतो का तेही बघा.

आता बॅग. हे नीट ऐका, कारण विमानतळावर इथेच गडबड होते. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक काउंटरवर द्यायच्या मोठ्या बॅगेत कधीही ठेवायच्या नाहीत. त्या आपल्या हातातल्या बॅगेतच हव्यात. नियम जगभर हाच आहे आणि त्यामागे कारण आहे. लिथियमची बॅटरी आत कुठे दबली, तिची टोकं एखाद्या किल्लीला किंवा नाण्याला लागली, तर ती तापून पेट घेऊ शकते. माणसं बसतात तिथे धूर निघाला तर कर्मचाऱ्यांना दिसतो, त्यांना विझवता येतो. खाली सामानाच्या कप्प्यात कुणी बघायला नसतं. म्हणून कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावा किंवा प्रत्येक बॅटरी वेगळ्या लहान पिशवीत घाला. आपण मीठ-मसाल्याच्या पुड्या बांधतो ना, तशी.

पॉवर बँक किती मोठी चालते? १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी न घेता नेता येते. त्यावर एमएएच लिहिलेलं असतं. तो आकडा ३.७ ने गुणायचा आणि १,००० ने भागायचा. १०,००० ची पॉवर बँक झाली ३७ वॉट-अवर, २०,००० ची ७४. दोन्ही चालतात. पण ज्या पॉवर बँकेवरचा आकडा पुसला गेलाय ती तपासणीत काढून घेऊ शकतात, तेव्हा अक्षरं दिसतात ना ते घरीच बघा. शिवाय आता कंपन्यांनी आणखी कडक केलंय. एमिरेट्सच्या विमानात ऑक्टोबर २०२५ पासून माणशी एकच पॉवर बँक नेता येते आणि विमानात ती वापरताही येत नाही, चार्जही करता येत नाही. तुमचं तिकीट ज्या कंपनीचं असेल तिचा नियम निघायच्या आदल्या दिवशी मुलाला किंवा भाच्याला वाचायला सांगा. हे नियम बदलत राहतात.

कॅमेरा, लेन्स, कार्डं, चार्जर सगळं हातातल्या बॅगेत. मोठी बॅग आपटते, कधी उशिरा येते, कधी दुसऱ्याच गावाला जाते. हातातल्या बॅगेला बहुतेक कंपन्या ७ किलोच देतात, म्हणून बाकीचं सामान आवरा. एक कॅमेरा, एक लेन्स. फार तर दुसरी लहान. तीन पायांचा स्टँड नेऊ नका असं माझं म्हणणं. न्यायचाच तर मोठ्या बॅगेत. तिकडे मॉलमध्ये स्टँड लावलात की रखवालदार विचारायला आलाच. ड्रोनचं तर नावही काढू नका. तिथे परवान्याशिवाय तो उडवता येत नाही.

आपल्या बायकांची एक सवय मला माहीत आहे. बॅगेत चार बोटं जागा दिसली की तिथे लाडवाचा डबा जातो. कॅमेऱ्याच्या बॅगेत तेलातुपाचं काही नको, हे एक. आणि दुसरं त्याहून महत्त्वाचं, जे मी प्रत्येक दुबईला जाणारीला सांगते: खसखस नेऊ नका. अनारशावरची नाही, वाटणाच्या मसाल्यातली नाही, पुडीतली तर नाहीच. आपल्या स्वयंपाकघरातली ही साधी वस्तू, पण संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे आणि तिच्यापायी माणसं तुरुंगात गेली आहेत. फोटोंचा याच्याशी संबंध नाही, पण हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

कॅमेरा महागाचा असेल तर मुंबईच्या विमानतळावर जाताना कस्टमच्या अधिकाऱ्याला तो दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्या. त्यात कॅमेऱ्याचा नंबर लिहिलेला असतो. परत येताना कुणी विचारलं, हा तिकडे विकत घेतलात का, तर तो कागद दाखवायचा. बिल बरोबर असू द्या. कॅमेऱ्याखाली असलेला नंबर वहीत लिहून ठेवा, बिलाचा फोटो घरी कुणाच्या तरी मोबाईलवर असू द्या. चोरी झाली तर तिथल्या पोलिसांत हाच नंबर द्यावा लागतो. प्रवासाचा विमा काढला असेल तर त्यात कॅमेरा धरलाय का तेही विचारा. पुष्कळ विम्यांत सामान म्हणजे कपडेलत्ते, कॅमेऱ्याला अगदी थोडी रक्कम किंवा काहीच नाही. एजंट आपणहून सांगेलच असं नाही.

तिथे पोचल्यावर. प्लग आपला बसत नाही, त्यांचा चौकोनी तीन दांड्यांचा असतो, एक जोडणी घेऊन जा. वीज आपल्यासारखीच आहे, चार्जर चालतो. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. कॅमेऱ्यातली वेळ पहिल्याच दिवशी बदला, म्हणजे मोबाईलचे आणि कॅमेऱ्याचे फोटो एकत्र केल्यावर सकाळचं संध्याकाळी दिसत नाही.

उन्हाळ्यात गेलात तर आत एसीचा गारठा आणि बाहेर चाळिशीच्या पुढचा उकाडा. गार कॅमेरा एकदम बाहेर काढला की काचेवर वाफ धरते. बाहेर पडायच्या आधी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि पाव तास तसाच राहू द्या. वाफ पिशवीवर धरेल. वाळवंटात फिरायला नेतात तिथली वाळू पिठासारखी बारीक असते. तिथे लेन्स काढायची-घालायची नाही. आणि काच पदराने पुसायची नाही. आधी फुंकणीच्या लहान फुग्याने वाळू उडवायची, मग मऊ कापड. पदराने पुसलंत तर वाळूचा एक कण काचेवर कायमची रेघ ओढून जाईल.

आता सगळ्यात जरुरीचं, रोज रात्रीचं काम. आपण दूध तापवून ठेवल्याशिवाय झोपत नाही. तसंच फोटो दुसऱ्या ठिकाणी गेल्याशिवाय झोपायचं नाही. कॅमेरा पुन्हा घेता येतो. कर्ज काढून का होईना, येतो. पण भाऊ दहा वर्षांनी आपल्या आईला क्रीकच्या होडीतून फिरवतोय, तो फोटो पुन्हा मिळत नाही. आई पुन्हा तिथे जाईल याची खात्री कुणी द्यावी?

काम असं करायचं. मोबाईलला जोडता येणारा लहान कार्ड रीडर मिळतो. कार्ड त्यात घाला, मोबाईलला लावा, फाईलचं ॲप उघडा. कार्डावर डीसीआयएम नावाचा फोल्डर दिसेल, त्यात आजचे फोटो असतील. ते निवडून कॉपी करा. कॉपी, मूव्ह नाही. मूव्ह म्हणजे उचलून दुसरीकडे ठेवणं, मूळ जागी काही उरत नाही, आणि मध्येच वायर सुटली तर दोन्हीकडचं जाऊ शकतं. मोबाईलमध्ये तारखेच्या नावाने फोल्डर करा आणि त्यात ते ठेवा. नंतर चार-पाच फोटो उघडून, मोठे करून बघा. नुसती यादी दिसली म्हणजे फोटो आला असं नाही. मोबाईलमध्ये जागा कमी असेल तर मोबाईलला लागणारा पेन ड्राइव्ह घ्या. ६४ जीबीचा पुरे.

मग कार्ड भरलं की? पुसायचं नाही. बाजूला एक बारीक खटका असतो, तो लॉककडे सरकवा म्हणजे त्यावर चुकून काही पुसलं जात नाही, आणि दुसरं कार्ड घाला. भरलेलं कार्ड कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवू नका. ते पासपोर्टबरोबर, अंगावरच्या बटव्यात. पेन ड्राइव्ह भावाच्या घरी कपाटात. बॅग गेली तर कॅमेरा गेला, फोटो नाही गेले. सगळंच एका बॅगेत ठेवलंत तर दहा प्रती असून उपयोग काय?

तिसरी प्रत इंटरनेटवर ठेवता आली तर उत्तम. आपल्या बऱ्याचजणींच्या मोबाईलमध्ये गुगल फोटोज असतं. त्यात १५ जीबी फुकट मिळतात, पण ते ईमेल आणि ड्राइव्ह मिळून. पूर्वी कितीही फोटो फुकट ठेवता यायचे, १ जून २०२१ पासून ते बंद झालं. १० एमबीचा फोटो धरला तर १५ जीबीत जेमतेम दीड हजार, आणि व्हिडिओ तर मिनिटाला शंभरेक एमबीसुद्धा खातो. म्हणून निवडक चाळीस-पन्नास फोटो रोज चढवा. हे फक्त भावाच्या घरच्या वायफायवर. मोबाईल डेटावर बॅकअप बंद ठेवा आणि आपल्या भारतातल्या सिमचं डेटा रोमिंग विमानात बसायच्या आधीच बंद करा. नाहीतर फोटो आपोआप चढत राहतात आणि बिल बघून डोळे पांढरे होतात.

इथे एक धोका आहे. मोबाईलमध्ये जागा करायला म्हणून गुगल फोटोजमध्ये फोटो डिलीट केलात, तर तो मोबाईलमधूनही जातो आणि इंटरनेटवरूनही जातो. बॅकअप झालेला फोटो ६० दिवस कचऱ्याच्या पेटीत असतो, तोवर परत काढता येतो. नंतर नाही. जागा मोकळी करायचा पर्याय तिथेच वेगळा दिलेला असतो, तो वापरा. आणि कॅमेऱ्याच्या कार्डावरून चुकून पुसले गेले तर घाबरू नका, पण त्या कार्डावर त्या क्षणापासून एकही फोटो काढू नका. पुसलेले फोटो लगेच नाहीसे होत नसतात, त्यांच्या जागेवर नवीन काही आलं की जातात. कार्ड तसंच बाजूला ठेवा, परत आल्यावर संगणक जाणणाऱ्याकडून बहुतेक निघतात.

व्हॉट्सॲपवर पाठवले की झालं, असं पुष्कळजणी म्हणतात. आमच्या शेजारच्या गटातल्या एक चाची उमराहला गेल्या होत्या. गर्दीत त्यांचा मोबाईल हरवला. पण रोज रात्री त्या लेकीला सगळे फोटो पाठवत, म्हणून एकही फोटो गेला नाही. कौतुकच आहे. परत आल्यावर मात्र चाचा आणि त्या दोघांचा एक फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा ठरला, आणि छपाईवाल्याने सांगितलं, चेहरे फाटतायत. व्हॉट्सॲप फोटो लहान करून पाठवतं. मोबाईलवर बघायला छान, लहान प्रिंटलाही चालतो, भिंतीवरच्या फ्रेमला नाही. तेव्हा जे फोटो महत्त्वाचे वाटतात ते डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पिनेच्या चित्रावर दाबलं की तो पर्याय येतो. त्यात फोटो आहे तसा जातो. दुबईत व्हॉट्सॲपवरून बोलणं सहसा लागत नाही, पण फोटो आणि निरोप जातात.

आणि काय काढायचं नाही, हे कळल्याशिवाय कॅमेरा गळ्यात अडकवू नका. आपल्याकडे शिमग्यात, जत्रेत आपण कुणाचाही फोटो काढतो. तिथे अनोळखी माणसाचा फोटो त्याला न विचारता काढणं, आणि काढून पाठवणं किंवा इंटरनेटवर टाकणं, हा गुन्हा ठरू शकतो. भर रस्त्यात काढला तरीही. २०२१ च्या त्यांच्या सायबर कायद्यात याला तुरुंगवास आहे आणि दंड दीड लाख दिरहमपासून पुढे, म्हणजे आपल्या पैशांत तीस लाखांच्या वर. अपघाताचे, जखमींचे फोटो काढून पाठवणंही त्यातच येतं. तिथल्या बायकांचे फोटो तर नकोच. सरकारी इमारती, राजवाडे, लष्करी जागा, विमानतळावरची तपासणी, हेही नाही. भाऊ बंदरात किंवा तेलाच्या कंपनीत कामाला असेल तर त्याच्या गेटवर उभं राहून फोटो काढू नका. तुमच्या हौसेपायी त्याची नोकरी जायची.

मला हा कायदा थोडा कडक वाटतो, पण त्यातली एक गोष्ट पटते. विचारून फोटो काढायचा. आपल्याकडे हळदीकुंकवाला आलेल्या बायकांचे फोटो न विचारता स्टेटसला लागतात आणि मग घरोघरी कुरबुर होते, हे आपण बघतोच.

आमच्या ताईंना तिकडून आधीच एक निरोप आला होता. भावाच्या ओळखीत एक बारसं आहे, फोटो काढून द्याल का, पैसे देऊ. त्यांना मी सांगितलं, फोटो काढायचे तर आत्या म्हणून काढा, पैसे घेऊ नका. व्हिजिटच्या व्हिसावर काम करून पैसे घेणं तिथे गुन्हा आहे. दोन हप्त्यांचे पैसे मिळतील, पण भावालाही त्रास होईल. त्यांना ते पटलं.

घरी आल्यावर लगेच कार्डं पुसू नका. आधी संगणकावर किंवा लहान हार्ड डिस्कवर सगळं उतरवा. ग्रामसंघाच्या ऑफिसातला संगणक रिकामा असेल तेव्हा वापरायला माझी हरकत नाही, पण तुमचे घरचे फोटो त्यावर ठेवून जाऊ नका, तिथे दहाजणींचे हात लागतात. दोन प्रती झाल्या, उघडून बघितल्या, मग कार्ड मोकळं.

आणि वीस-पंचवीस फोटो तरी छापून घ्या. मागे पेन्सिलीने तारीख, जागा आणि माणसांची नावं लिहा. कोकणातल्या पावसात कपाटातल्या अल्बमला बुरशी येते, म्हणून त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, कॅमेऱ्याच्या बॅगेतही टाका. तांदूळ टाकू नका, त्याची पूड लेन्समध्ये जाते.

कार्ड रीडर कसा लावायचा हे हाताने करून बघायचं असेल तर पुढच्या प्रभाग बैठकीला तुमचा मोबाईल आणि त्याची वायर घेऊन या. एक रीडर मी आणून ठेवते.